समितीने कायद्यात नेमकं काय बदललं? विधेयकाचा माग काढायची पद्धत, पायरीपायरीने

संसदेच्या संकेतस्थळावर २०१९ चं वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक शोधा. पुढे नोंद दिसेल, विधेयक मागे घेतलं. आता ११ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मांडलेलं, जुन्या भारतीय दंडविधानाची जागा घेणारं भारतीय न्याय संहिता विधेयक शोधा. तिथेही तीच नोंद. पहिल्या विधेयकावर संयुक्त समिती दोन वर्षं बसली, तिने ८१ दुरुस्त्या सुचवल्या, आणि सरकारने ते विधेयकच गुंडाळून पुढच्या वर्षी वेगळ्या बांधणीचा कायदा आणला. दुसऱ्यावर समितीने तीन महिन्यांत अहवाल दिला, सरकारने तिच्या काही सूचना घेऊन नवा मसुदा मांडला आणि तो दहा दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. नोंद एकच आहे, पण घडलेलं अगदी वेगळं आहे.

एका छोट्या अभ्यासगटासाठी विधेयकांचा पाठपुरावा करण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं वर्षभर मी बैठका मोजल्या, अहवालांची संख्या मोजली, किती विधेयकं 'पार पडली' ते मोजलं. त्या आकड्यांवरून समित्या कामाच्या आहेत की नाहीत, हे काहीच ठरवता येईना. कारण समिती कायदा मंजूर करतच नाही, तो सभागृह मंजूर करतं. समितीचं काम मसुद्याच्या पोटात चालतं. मांडलेला मसुदा आणि झालेला कायदा यांत किती फरक पडला, आणि त्यातला किती समितीमुळे पडला, हे शोधायचं असतं. ते शोधण्याची जी रीत पुढे हाताला बसली, ती इथे लिहिते आहे. विद्यार्थी, नवे वार्ताहर, संस्थांमध्ये काम करणारे कार्यकर्ते, ज्यांना एखाद्या कायद्याच्या मुळाशी जायचं आहे, त्यांच्यासाठी.

१. समिती कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा

इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. बातमीत नुसतं 'संसदीय समिती' लिहिलेलं असतं, पण तीन वेगळ्या गोष्टींना तो एकच शब्द वापरला जातो.

पहिली, विभागाशी संलग्न स्थायी समिती. ही पद्धत १९९३ मध्ये १७ समित्यांनी सुरू झाली आणि २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यात नसतात. मुदत एक वर्षाची. ही समिती विधेयकावर अहवाल देते, शिफारशी करते, पण विधेयकाच्या मजकुराला स्वतः हात लावत नाही. नियमांनुसार तिचा अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला. सरकारवर तो बंधनकारक नाही.

दुसरी, एखाद्या विधेयकापुरतीच नेमलेली समिती. एकाच सभागृहाची असेल तर प्रवर समिती, दोन्हींची असेल तर संयुक्त समिती. ही विधेयक खंडाखंडाने (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) वाचते आणि सुधारलेला मसुदाच सभागृहाला परत देते. नादारी व दिवाळखोरी संहिता डिसेंबर २०१५ मध्ये मांडली गेली, संयुक्त समितीने २८ एप्रिल २०१६ ला अहवाल दिला, आणि समितीने दुरुस्त केलेला मसुदा मे महिन्यात मंजूर झाला. धन विधेयकासाठी, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकासाठी, मात्र संयुक्त समिती नेमता येत नाही.

तिसरी, लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम या वित्तीय समित्या. त्या खर्चावर नजर ठेवतात. विधेयकं त्यांच्याकडे जात नाहीत. लोकलेखा समितीने किती कायदे सुधारले, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. तो प्रश्न तिथे लागूच होत नाही.

पहिल्या प्रकारात प्रभाव शोधायला सरकारचा पुढचा मसुदा बघावा लागतो. दुसऱ्यात समितीने परत दिलेला मसुदाच बघायचा.

२. हे कागद जमवा

- मांडला गेला तसा विधेयकाचा मूळ मसुदा, शेवटच्या 'उद्देश व कारणे यांच्या निवेदना'सह
- समितीचा पूर्ण अहवाल, परिशिष्टांसकट. वर्तमानपत्रातला सारांश किंवा प्रसिद्धिपत्रक पुरत नाही
- सभागृहांनी मंजूर केलेला मजकूर
- राजपत्रात प्रसिद्ध झालेला कायदा
- दोन्ही सभागृहांतल्या चर्चेचं शब्दशः इतिवृत्त, निदान मंत्र्यांच्या उत्तरापुरतं

हे सगळं डिजिटल संसद संकेतस्थळावर आणि ई-राजपत्रावर फुकट मिळतं. एकेका विधेयकाचे कागद एकाच पानावर हवे असतील तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं संकेतस्थळ सोयीचं आहे. अहवाल इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत, त्यामुळे थोडा जादा वेळ धरा. सोबत एक साधी स्प्रेडशीट लागेल. तीही नसेल तर आडवी रेघ मारलेली वही चालते, मी सुरुवात वहीतच केली.

फाइल उतरवून घेतली की लगेच तिला तारखेसकट नाव द्या. माझी पहिली मोठी चूक इथलीच. समितीने सुधारलेला मसुदा मूळ मसुदा समजून मी कायद्याशी ताडला आणि 'समितीने काहीच बदललं नाही' असा निष्कर्ष लिहून पाठवला. छापण्याआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलं. पहिल्या पानावर 'मांडल्याप्रमाणे' आहे की 'समितीने सादर केल्याप्रमाणे' आहे, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. तारखांची पट्टी काढा

एका ओळीत पाच तारखा लिहा: मांडणी, समितीकडे रवानगी, अहवाल, मंजुरी, कायदा लागू होण्याचा दिवस. नुसत्या या ओळीवरूनही पुष्कळ कळतं.

प्राप्तिकराचं नवं विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत आलं. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने २१ जुलैला अहवाल दिला, त्यात २८५ शिफारशी होत्या. सरकारने ऑगस्टमध्ये जुनं विधेयक मागे घेतलं आणि सुधारलेलं नवं ११ ऑगस्टला मांडून त्याच दिवशी लोकसभेत मंजूर करून घेतलं. सभागृहाने किती वेळ दिला एवढंच बघितलंत तर वाटेल की पाचशेहून जास्त कलमांचा कायदा वाचलाच नाही. खरं वाचन आधीच्या पाच महिन्यांत समितीत झालेलं होतं.

उलट उदाहरण म्हणजे मुलींचं लग्नाचं किमान वय २१ करणारं विधेयक. ते २१ डिसेंबर २०२१ ला मांडलं गेलं आणि स्थायी समितीकडे गेलं. तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्रातले विनय सहस्रबुद्धे होते, आणि ३१ जणांत महिला खासदार एकच. समितीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक व्यपगत झालं. लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक लोकसभेसोबतच संपतं. राज्यसभेत मांडलेलं, तिथेच प्रलंबित असलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक मात्र टिकतं. म्हणून विधेयक कोणत्या सभागृहात मांडलं, हेही पट्टीत लिहा.

पट्टीत रिकामी जागा दिसली तर समिती तेव्हा अस्तित्वात होती का, ते तपासा. २०२४ च्या निवडणुकीनंतर स्थायी समित्या सप्टेंबरच्या अखेरीस नेमल्या गेल्या. त्याआधीच्या अधिवेशनातलं विधेयक स्थायी समितीकडे का गेलं नाही, याचं एक साधं उत्तर तिथे मिळतं.

४. शिफारशींचा तक्ता मांडा

खरी मेहनत इथे आहे. मोठ्या विधेयकाला एक आठवडा सहज जातो. तो द्या.

तक्त्याला पाच रकाने करा. मूळ खंडात काय होतं. समितीने काय सुचवलं. पुढच्या मसुद्यात काय आलं. सरकारने काही कारण दिलं का. आणि शेवटचा रकाना, बदलाचं वजन. या शेवटच्या रकान्याशिवाय तक्ता फसवतो, कारण अहवालातल्या कितीतरी शिफारशी स्वल्पविराम, व्याकरण, चुकलेले संदर्भ यांच्याबद्दल असतात. सरकार त्या आनंदाने स्वीकारतं. मग 'नव्वद टक्के शिफारशी मान्य' अशी ओळ तयार होते आणि ती खोटी नसूनही दिशाभूल करते. मी तीनच वर्ग करते: भाषेची दुरुस्ती, कामकाजाच्या पद्धतीतला बदल, आणि ज्याने कुणाचा हक्क किंवा शिक्षा बदलते असा बदल. तिसऱ्या वर्गातल्या नोंदी बहुधा दहा-पंधरा निघतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

फौजदारी कायद्यांच्या तीन विधेयकांवर (सुरुवातीला आलेली न्याय संहिता, खटल्याच्या प्रक्रियेसाठीची नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठीचा साक्ष्य अधिनियम) हा तक्ता करून बघा, शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ती ११ ऑगस्ट २०२३ ला मांडली गेली आणि ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालच्या गृहविषयक स्थायी समितीकडे गेली. समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. १२ डिसेंबरला जुनी तीन मागे घेऊन नवी तीन मांडली गेली, २१ डिसेंबरपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

आता रकाने भरा. मूळ न्याय संहितेत जुन्या दंडविधानातल्या 'अस्थिर मना'च्या जागी 'मानसिक आजार' आला होता. मानसिक आजाराची व्याख्या फार रुंद आहे, त्याने बचावाचा अर्थच बदलतो, अशी समितीची हरकत होती. नव्या मसुद्यात जुना शब्द परत आला. तिसऱ्या वर्गातली ही ठळक नोंद आहे. शिक्षा म्हणून 'समाजसेवा' आणली होती, पण ती म्हणजे काय हे कुठेच लिहिलं नव्हतं. समितीने व्याख्या मागितली आणि ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आली. दुसरीकडे, व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून परत आणावा ही शिफारस सरकारने घेतली नाही. संमतीविना होणाऱ्या अनैसर्गिक संभोगासाठी जुन्या कलम ३७७ चा तेवढा भाग ठेवावा, हीही घेतली नाही. पुरुषांवर आणि तृतीयपंथी व्यक्तींवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबाबतची ती पोकळी आजही कायद्यात आहे, आणि समितीने ती वेळेत दाखवली होती याची नोंद अहवालात आहे. मला या चार ओळी कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोलाच्या वाटतात.

या कामात दोन खड्डे आहेत.

खंडांचे क्रमांक सरकतात. न्याय संहितेचा पहिला मसुदा ३५६ खंडांचा होता, दुसरा ३५८ चा. क्रमांकावरून जुळवत गेलात तर मध्यापासून पुढचं सगळं एक-दोन घरं चुकेल. शीर्षक आणि मजकूर वाचून जुळवा.

आणि समितीने सुचवलं, पुढे तो बदल झाला, म्हणजे समितीमुळेच झाला असं धरू नका. तीच मागणी राज्यांनी, वकील संघटनांनी किंवा न्यायालयानेही केलेली असू शकते. सभागृहातलं मंत्र्यांचं भाषण म्हणूनच जमवायचं. त्यात समितीचं श्रेय स्पष्ट दिलं असेल तर तसं लिहा, नसेल तर 'समितीच्या शिफारशीशी जुळणारा बदल' एवढंच लिहा.

५. अहवालाचं शेपूट वाचा

बरेच जण मुख्य अहवाल वाचून थांबतात. मी आता शेवटापासून सुरुवात करते. तिथे भिन्नमतपत्रिका असतात, म्हणजे ज्या सदस्यांना बहुमताचा निर्णय पटला नाही त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेली कारणं. बैठकींची इतिवृत्तं असतात, त्यात कोण हजर होतं ते कळतं. कोणाच्या साक्षी घेतल्या, कोणाची निवेदनं आली, त्याच्या याद्या असतात.

उपस्थितीची नोंद नुसती वाचू नका, मोजा. ३१ जणांच्या समितीत गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, एकतृतीयांशाची, म्हणजे अकरा. अकरा-बारा जणांनी संमत केलेला अहवालही 'समितीचा एकमताचा अहवाल' म्हणूनच वाचला जातो.

२०२३ च्या त्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. फौजदारी कायद्यांवरचे आक्षेप सभागृहाच्या चर्चेत शोधाल तर त्यातले पुष्कळ सापडणार नाहीत. ते समितीच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिकांत आहेत.

६. संपलेलं विधेयक म्हणजे वाया गेलेली समिती, असं लिहू नका

भूसंपादनाची गोष्ट यासाठी बघा. २०११ चं विधेयक सुमित्रा महाजन यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामविकास समितीकडे गेलं, मे २०१२ मध्ये अहवाल आला. खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन घेऊच नये, असं समिती म्हणाली. सरकारने ते मानलं नाही, पण २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती राहिली. मग २०१५ मध्ये ही संमतीची अट काही प्रकल्पांसाठी काढणारं दुरुस्ती विधेयक आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. त्या समितीचा अहवाल कधीच आला नाही. मुदतवाढी होत राहिल्या, २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

संख्येच्या हिशोबात ही समिती शून्य. पण केंद्राच्या कायद्यातली संमतीची अट तशीच राहिली, आणि ज्या शेतकऱ्यांना ती हवी होती त्यांच्या दृष्टीने हे शून्य फार मोठं होतं. वादग्रस्त विधेयक शांतपणे थांबवायचा मार्ग म्हणूनही समिती वापरली जाते. ते चांगलं की वाईट, हे विधेयकावर अवलंबून आहे. लग्नाच्या वयाच्या विधेयकाबाबत तीच थांबवणूक मला खटकते, कारण तिथे कुणी 'नको' असं मोकळेपणाने म्हटलंही नाही.

७. जी विधेयकं समितीकडे गेलीच नाहीत, ती मोजा

पीआरएसच्या मोजणीप्रमाणे चौदाव्या लोकसभेत ६० टक्के आणि पंधराव्यात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सोळाव्यात हे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आलं आणि सतराव्यात १६ टक्क्यांवर. स्वतः मोजणार असाल तर अर्थसंकल्पासोबतची वित्त आणि विनियोजन विधेयकं बाजूला काढा, ती सहसा समितीकडे जातच नाहीत.

समित्यांच्या उपयुक्ततेबद्दल बोलताना हा आकडा आधी सांगायला हवा. सप्टेंबर २०२० ची कृषी विधेयकं समितीकडे गेली नाहीत. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमांवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे रद्द झाले. समितीत शेतकरी संघटनांच्या साक्षी झाल्या असत्या तर आंदोलन टळलंच असतं, असा दावा मी करणार नाही. पण हरकती मांडायला कायदा होण्याआधी एक जागा मिळाली असती. आणि ज्या डेटा संरक्षण विधेयकाने या लेखाची सुरुवात केली, त्याची २०२३ ची नवी आवृत्तीही समितीकडे न जाता मंजूर झाली.

८. विधेयक महाराष्ट्राचं असेल तर

आपल्या विधिमंडळात दिल्लीसारखी प्रत्येक खात्याच्या विधेयकांसाठी स्थायी समिती नाही. विधेयक फार वादाचं झालं तर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमतात. जनसुरक्षा विधेयकाचं तसंच झालं. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये सुधारलेलं विधेयक मंजूर झालं. मुख्य बदल तीन होते: 'व्यक्ती व संघटना' या शब्दांऐवजी उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख, सल्लागार मंडळाच्या रचनेत बदल, आणि तपासासाठी वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी. बारा हजारांतून तीन हे प्रमाण काढून थांबू नका, एकाच मजकुराच्या शेकडो सूचना असू शकतात. तीन बदलांचं वजन तक्त्याच्या पाचव्या रकान्यात लिहा. पहिला बदल उद्देशातला आहे, पण व्याख्येचा खंड किती बदलला, हे स्वतः वाचून ठरवा.

मंजुरी आणि अंमलबजावणी यांतलं अंतरही राज्यात जास्त जाणवतं. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीच्या शक्ती विधेयकावर संयुक्त समितीने वर्षभर काम केलं, डिसेंबर २०२१ मध्ये ते एकमताने मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि कायदा लागू झाला नाही.

९. स्वतः निवेदन पाठवायचं असेल तर

समिती मोठ्या विधेयकांवर जाहिरात देऊन सूचना मागवते. मुदत साधारण दोन-तीन आठवड्यांची असते, म्हणून विधेयक समितीकडे गेल्याची बातमी दिसली की त्याच दिवशी लिहायला बसा. केंद्रातल्या समितीला इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. खंड क्रमांक, सध्याचा मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर आणि दोन ओळींचं कारण, एवढ्या बांधणीत लिहिलं तर समितीच्या सचिवालयाला ते थेट वापरता येतं. 'हा कायदा अन्यायकारक आहे' असं चार पानं लिहिलेलं निवेदन कोणत्या खंडाखाली ठेवायचं, हेच त्यांना कळत नाही.

साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं निवेदनातच स्पष्ट लिहा, नंतर कुणी विचारत नाही.

एक सावधगिरी बाळगा. पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. समितीचं काम चालू असताना ते जसंच्या तसं समाजमाध्यमांवर टाकू नका. तुमचा मुद्दा लेखातून मांडायचा असेल तर वेगळा लेख लिहा.

स्वतःजवळ एक प्रत आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. काही महिन्यांनी अहवाल पटलावर आला की परिशिष्टातल्या यादीत आधी तुमचं नाव शोधा, मग तुम्ही लिहिलेला खंड उघडा आणि तक्त्याचा तिसरा रकाना भरा.